बंद पट्ट्यातला गळ

३ मे

दादा,

मागच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली. ती आधी दुरुस्त करते, नाहीतर पुढचं काही सुचणार नाही.

मी लिहिलं होतं की आमच्या बेटावरच्या समुद्रपक्ष्यांतली एक मादी समुद्रातल्या बंद पट्ट्यात मासे मारत होती, त्या वेळी बाबांची बोट धक्क्याला बांधलेली होती, आणि बंदर कार्यालयाच्या नकाशात ते स्वच्छ दिसतं. त्या आधारावर मी तुला बरंच सुनावलं. "भर सभेत तू बाबांवर खोटा आळ घेतलास, आता तरी मान्य कर," हे माझंच वाक्य. रागाच्या भरात लिहिलं म्हणावं तर तसंही नाही. आधी कच्चं लिहून मग पक्कं उतरवून काढलं होतं.

बोट त्या वेळी धक्क्याला नव्हती.

चूक घड्याळाची आहे. म्हणजे घड्याळाची नाही, माझीच. पक्ष्याच्या पाठीवर आम्ही काडेपेटीएवढं यंत्र चिकटवतो. तो पिल्लाला भरवायला घरट्यावर परतला की काढून घेतो, आणि समुद्रात तो कुठे कुठे हिंडला त्याची रेघ मिळते. ते यंत्र वेळ नोंदवतं जगाच्या सामाईक घड्याळाने, जे आपल्या काही तास मागे असतं. बंदर कार्यालय बोटींच्या जागा नोंदवतं आपल्या घड्याळाने. मी दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवले, पण घड्याळं जुळवलीच नाहीत. त्यामुळे पक्षी दुपारी जिथे होता, तिथे मी बोट सकाळची शोधत बसले. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानेही करू नये अशी चूक. मी केली, आणि वर तिचा दाखला देऊन तुला शहाणपण शिकवलं.

घड्याळं जुळवल्यावर दिसतं ते असं: बाबांची बोट सकाळी निघते, बंद पट्ट्याच्या कडेपर्यंत येते आणि नकाशावरून नाहीशी होते. संध्याकाळी त्याच कडेला पुन्हा उगवते. मधल्या वेळात आमची मादी पट्ट्याच्या आत आहे.

पण बोट नकाशावरून जाणं म्हणजे बोट आत जाणं नव्हे. बोटीवरचं जागा कळवणारं यंत्र बिघडू शकतं. म्हणून मी दुरुस्ती एवढीच करते: "धक्क्याला होती" हे चूक. "पट्ट्यात गेली" असं मी म्हणत नाही.

हे मी कोणाला तरी सांगायला हवं होतं, आणि तुलाच सांगावंसं वाटलं. पट्टा तुला माहीतच आहे. पक्ष्यांच्या विणीच्या हंगामात बेटाच्या पश्चिमेला कोणी गळ टाकायचा नाही हे बाबांनीच तर सगळ्यांना पटवलं. पाळत सरकारने ठेवायची नाही, आमची मच्छीमार संस्था ठेवेल, अध्यक्ष म्हणून मी शब्द देतो, हे ते बोलले तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत तूही होतास. (मग दोन वर्षांनी त्याच सभागृहात तू उभा राहिलास आणि म्हणालास, बाबाच पट्ट्यात जातात. ते जाऊ दे.) या महिन्याच्या शेवटी सुनावणी आहे. पाळत संस्थेकडे ठेवायची की नाही ते तिथे ठरेल. आमच्या संशोधन केंद्राच्या प्रमुख मॅडम तिथे आपला अहवाल वाचणार आहेत. त्यात एक वाक्य आहे, "विणीच्या काळात पट्ट्यात एकही बोट आढळली नाही." ते माझ्या नकाशावरून घेतलेलं आहे.

घड्याळाचं मी मॅडमना आजच सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, त्याचाच जास्त त्रास झाला.

बाकी ठीक. एका पिल्लाची तब्येत बरी नाही, ते असंच.

तुझी,
धाकटी

---

१० मे

दादा,

तुझं उत्तर मिळालं. दोन ओळींचं का होईना, मिळालं. "मला माहीत होतं. तुला माहीत व्हायला नको होतं." मी ते इतक्या वेळा वाचलं की आमचा स्वयंपाक करणारा गडी विचारायला लागला, परीक्षेचा निकाल आलाय का म्हणून.

तू चिडला असतास तर मला सोपं गेलं असतं.

आता मागच्या पत्रातली आणखी एक दुरुस्ती. "एका पिल्लाची तब्येत बरी नाही, ते असंच," असं मी लिहिलं. ते असंच नव्हतं.

आमच्या झोपडीच्या वरच्या उतारावर एक मादी आहे, तिला आम्ही दांडगी म्हणतो. सगळ्यांत मोठी, आणि जवळ गेलं की पोटरीला चावल्याशिवाय सोडत नाही. मॅडमसुद्धा तिला वचकून असतात. नकाशातली मादी म्हणजे हीच. ती त्या फेरीवरून परतली, आम्ही यंत्र काढून घेतलं, तिने पिल्लाला भरवलं. या पक्ष्यांत पिल्लू आईच्या घशात डोकं घालून खातं, तू लहानपणी पाहिलं आहेस. पुढे दोन-तीन दिवस पिल्लू चोच उघडून मान ताणत बसायचं. मी वजन करायला उचललं तेव्हा त्याच्या चोचीच्या कोपऱ्यातून दोरी लोंबत होती.

मी आधी गवत समजले. ओढून पाहिलं. ओढायला नको होतं.

मॅडमनी गळाचा दांडा पक्कडीने तोडला आणि वाकडा भाग उलट्या बाजूने काढला. पिल्लाला मी धरलं होतं. त्याचं हृदय माझ्या तळव्यात एवढं उडत होतं की मला वाटलं तेच बाहेर येतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मेलं होतं. दांडगी त्याच्या अंगावर पाय ठेवून बसली होती, ऊब द्यायला बसतात तशी.

घड्याळाची चूक मला आपोआप सापडली नाही, दादा. गळ हातात आल्यावर मी नकाशे पुन्हा उघडले. तोपर्यंत उघडायची गरजच वाटली नव्हती, कारण उत्तर मला हवं तसं होतं.

आणि आता रेघेबद्दल. पक्षी स्वतःच्या मनाने मासे शोधतो तेव्हा त्याची रेघ गुंताड्यासारखी असते. गिरक्या, अचानक सूर, पुन्हा गिरक्या. दांडगीची त्या दुपारची रेघ सरळ आहे. संथ, सरळ, मग वळण, मग पुन्हा सरळ, पहिल्या रेघेला समांतर. पक्षी असा उडत नाही. बोट गळ लावलेला लांब दोर ओढून घेत असते तेव्हा अशी जाते, आणि दोरावरच्या आमिषासाठी पक्षी तिच्यामागे जातो. त्या जागी कार्यालयाच्या नकाशात काहीच नाही, नुसता निळा रंग.

उतारावर या वर्षी बऱ्याच घरट्यांत जोडीतला एकच पक्षी आहे. दुसरा येईल म्हणून तो भुकेने वाळेपर्यंत पिल्लावर बसून राहतो, शेवटी उडून जातो. मग पिल्लू एकटं. आम्ही याला वाईट हंगाम म्हणत होतो. मासे कमी असतील, पाणी तापलं असेल. मॅडमनी त्यावर एक सबंध परिच्छेद लिहिला आहे.

बोट कोणाची ते रेघ सांगत नाही. गळ आपल्याकडे वापरतात तसाच आहे, पण तसे गळ सगळेच वापरतात.

हे पत्र मॅडमच्या थैलीतून जाईल. बाबा पाण्याची पिंपं घेऊन येणार आहेत, टपालही तेच नेतात, पण त्यांच्या हाती द्यायचं नाही असं ठरवलं. का ते तुला सांगायला नको.

धाकटी

---

१६ मे

दादा,

"तसे गळ सगळेच वापरतात" हे खरं आहे. तसा गळ सगळे बांधत नाहीत, हे मी लिहिलं नाही.

तुला आठवतं, आईने आपल्याला शाळेच्या आधीच सगळं घरी शिकवलं. अक्षरं, पाढे आणि गाठी. तू तिच्या शेजारी बसायचास. मी समोर बसायचे, कारण मला तिचं तोंड दिसल्याशिवाय काही समजायचं नाही. समोरून पाहून मी सगळं आरशासारखं उचललं. माझा 'क' कितीतरी दिवस उलटा होता. तो शाळेत बाईंनी सरळ केला. गाठ कोणी सरळ केली नाही. माझे वेढे तुमच्या उलट दिशेने जातात आणि वर, सुटेल या भीतीने, मी एक वेढा जास्त घालते. बाबा म्हणायचे, "हिची गाठ म्हणजे कडी लावून वर कुलूप." तू तर म्हणायचास, हिचा नवरा पळून जाऊ शकणार नाही.

पिल्लाच्या घशातून निघालेल्या गळावर वेढे उलटे आहेत. आणि एक जास्त आहे.

मी ती गाठ भिंगाखाली धरली. मग दोरी घेऊन तशीच एक बांधली आणि शेजारी ठेवली. मग मॅडमची, स्वयंपाकाच्या गड्याची आणि पाहुण्या विद्यार्थिनीची गाठ बांधून घेतली, काहीतरी खेळ आहे असं सांगून. गडी म्हणाला, "ताई, शर्यत असेल तर मी हरलो, मला बुटाची नाडीच येते."

या थंडीत मी सुट्टीला घरी होते तेव्हा रोज संध्याकाळी आईबरोबर गळ बांधत बसले होते. बाबा म्हणाले होते, पट्ट्याच्या पलीकडच्या खोल पाण्यासाठी आहेत. मला तेव्हा फार छान वाटलं होतं. घरात तू नव्हतास, आणि निदान माझे हात तरी उपयोगी पडत होते.

तरीही मी सगळ्या बाजूंनी पाहिलं. दांडगीने गळ पट्ट्याच्या बाहेर गिळला असेल का? नाही. त्या फेरीत ती बेटावरून थेट पट्ट्यात गेली आणि थेट परत आली. दुसरीकडे कुठे उतरलीच नाही. मी बांधलेले गळ दुसऱ्या कोणाच्या बोटीवर गेले असतील का? मी फोनवर बाबांच्या खलाशाला सहज विचारलं. तो म्हणाला, "तुझे गळ मालक कोणाला हात लावू देत नाहीत. लेकीचे आहेत, सुटत नाहीत म्हणतात."

सुटत नाहीत.

बाबा काल आले. मला वाटलं होतं, मी त्यांच्याकडे बघू शकणार नाही. पण ते धक्क्यावरून ओरडले, "काय प्राध्यापकीणबाई, अंघोळ केली का या महिन्यात?" आणि मी हसले. माझं तोंड आपोआप हसलं, दादा. पिंपं वर चढवताना एक पक्षी त्यांच्या बुटाला चावला. "हिला सांग गं, मी संस्थेचा अध्यक्ष आहे," म्हणाले. पाहुणी विद्यार्थिनी त्यांच्यावर एवढी खूश झाली की त्यांचा फोटो काढला, पट्टा राखणारा कोळी म्हणून.

ती खाली गेल्यावर ते उतारावर माझ्याशेजारी बसले. समोर एक पक्षी एकटाच पिल्लावर बसला होता.

"याची बायको कुठे गेली?"

"आली नाही."

"येईल. समुद्रावर गेलेल्याची वाट बघायची असते." मग समुद्राकडे बघतच, "तुझ्या नकाशात माझी बोट दिसते का गं?"

"दिसते."

"कुठे?"

गळ माझ्या खिशात होता. मी म्हणाले, "धक्क्याला."

मला माहीत होतं ते चूक आहे. मी तुला तसं लिहून दुरुस्त केलं होतं. तरी तोंडातून तेच आलं.

त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बोटीवरचं ते यंत्र माझ्यासारखंच म्हातारं झालंय. मधूनच डुलकी घेतं," म्हणाले, आणि डोळा मिचकावला.

ते घाबरले असते, खोटं बोलले असते, माझ्यावर ओरडले असते, तर मला समजलं असतं. त्यांना वाटलं मला सगळं माहीत आहे आणि मी त्यांच्या बाजूने आहे.

"घरच्याने घरचं झाकायचं नाही तर कोणी झाकायचं? तुझ्या दादाला हे कधी कळलं नाही. त्याला वाटलं मी चोर आहे. अरे, पट्टा कोणी राखला? बाकीच्या सगळ्यांना बाहेर कोणी ठेवलं? मी. ज्याने झाड लावलं त्याने दोन फळं तोडली तर काय बिघडलं?"

दोन फळं. समोरचा पक्षी मान लांब करून समुद्राकडे बघत होता.

"काहीतरी बोल की," बाबा म्हणाले.

मी म्हणाले, "पिंपांची झाकणं नीट लावा, मागच्या वेळी खारं पाणी गेलं होतं."

दांडगी परवापासून घरट्यावर आलेली नाही.

धाकटी

---

२४ मे

दादा,

काल मी वरच्या खडकावर जाऊन आईला फोन केला. तिथेच काय ती रेंज मिळते. विचारलं, आपण बांधत होतो ते गळ कुठे टाकणार ते तुला माहीत होतं का?

"मला काय विचारतेस? मी काय बोटीवर जाते?"

"म्हणजे माहीत होतं."

"माहीत असणं वेगळं आणि विचारणं वेगळं, बाळ. मी विचारलं नाही."

आपल्याला तिने पहिला धडा काय दिला होता? चुकलं तर खोडून पुन्हा लिहायचं, वर गिरवायचं नाही. पाटी पुसायला स्वतःचा पदर द्यायची. मी तिला ते म्हणून दाखवलं.

ती म्हणाली, "तुझा दादा येतो म्हणतोय. माफी मागतो म्हणतोय. इतक्या दिवसांनी घर घर होतंय. त्यात तू मिठाचा खडा टाकू नकोस."

आणि आज तुझं पत्र. त्यात तेच. "मी बाबांची माफी मागतो. मोठ्या माणसापुढे वाकलं म्हणून कंबर मोडत नाही. गोदीत लोखंड जोडून जोडून कंटाळा आलाय, घरी येऊ दे मला. तू तुझी पाखरं मोज."

मी हे पत्र चार वेळा फाडलं. तुझ्यावर रागावण्याचा मला हक्क नाही. तू खरं बोललास, आम्ही तुला घराबाहेर घालवलं, आणि घालवताना मी दारात उभी राहून म्हणाले होते की बाबांची माफी मागितल्याशिवाय तोंड दाखवू नकोस. आता तू माझंच ऐकतो आहेस. पण तू माफी कशाची मागणार, दादा? खरं बोलल्याची? ती बाबा स्वीकारतील, आई पान वाढेल, आपण चौघं जेवायला बसू, आणि त्या जेवणात एक माणूस नसेल. सभागृहात उभा राहिलेला तू. त्याला मीच मारलेलं असेल, आणि या वेळी माझ्याकडे चुकीच्या घड्याळाची सबबही नसेल. तू घरी यावंस असं मला किती वाटतं ते मी लिहीत नाही, कारण लिहिलं तर हे पत्रही फाडावं लागेल.

मॅडमना मी सगळं सांगितलं. गळ त्यांच्या टेबलावर ठेवला, शेजारी माझी गाठ ठेवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला.

"तू यातून बाजूला हो," म्हणाल्या. "मी ते वाक्य काढून टाकते. रेघ आहे, नाहीशी झालेली बोट आहे, तेवढं मी मांडते. तुझं नाव कुठे येणार नाही."

"मग ते म्हणतील यंत्र बिघडलं होतं."

"म्हणतील."

"आणि सुटतील."

"बहुतेक."

"गळ?"

"गळ कोणाचाही असू शकतो. गाठ कोणाची ते..." इथे त्या थांबल्या.

ते फक्त मीच सांगू शकते. रेघ पक्ष्याची आहे, नकाशा कार्यालयाचा आहे, पण गाठ ओळखणारं जगात आपलं घर सोडून कोणी नाही. आई सांगणार नाही. तू सांगू नकोस. तुझ्यावर ते पुन्हा सूड घेतल्याचा ठपका ठेवतील. राहिले मी. मॅडम म्हणाल्या, बाबांचा परवाना जाईल, बोट जप्त होईल, अध्यक्षपद तर जाईलच. मी म्हणाले, माहीत आहे. त्यांनी विचारलं, भीती वाटते का? मी म्हणाले, हो. त्या उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आल्या. बाबांनी आणलेल्या पिंपातलंच.

बाबांना हे दुसऱ्या कोणाकडून कळू नये. आणि सगळ्यांसमोर पहिल्यांदा कळू नये. तू तसं केलंस आणि ते त्यांना सगळ्यात जास्त लागलं, हे मी तेव्हाही पाहिलं होतं. म्हणून मी आदल्या दिवशी घरी जाणार आहे. आईसमोर, स्वयंपाकघरात, बसून सांगणार आहे: तुम्ही विचारलंत तेव्हा मी "धक्क्याला" म्हणाले, ते खोटं होतं; मी तुमच्या बाजूने नाही; उद्या मी काय बोलणार ते शब्द न् शब्द आजच ऐका. हवं तर माझ्या आधी तुम्ही उठून बोला. ते बोलले तर मी गप्प बसेन, आणि मला यापेक्षा जास्त काही नको. पण ते बोलतील असं मला वाटत नाही, आणि ते बोलतील या आशेवर मी माझं बोलणं सोडणार नाही. ते मला मारणार नाहीत. कदाचित डोळाच मिचकावतील, पुन्हा. त्याचीच मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते.

तू त्या दिवशी येऊ नकोस. नंतर ये. तेव्हा घर कसं असेल मला माहीत नाही, पण तिथे तुला कोणापुढे वाकावं लागणार नाही.

गुरुवारी दुपारच्या बोटीने मी बेट सोडते आहे. सुनावणीत माझं नाव मी आजच वक्त्यांत नोंदवलं: शुक्रवार, तीस मे.

धाकटी